जेनेरिक नावांच्या सारख्या शेपट्या: सोय की धोका?

मात्रा:
एका गटातल्या सगळ्या औषधांच्या जेनेरिक (ब्रँडच्या नव्हे, मूळ रेणूच्या) नावांना एकच शेपूट लावायची जागतिक आरोग्य संघटनेची पद्धत आता अंगाशी येऊ लागली आहे, असं माझं मत. हृदय-रक्तदाबाच्या बीटा ब्लॉकर गटाला ‘ओलॉल’, रक्तदाबाच्याच एसीई इनहिबिटर गटाला ‘प्रिल’. वाचायला झकास, पण निम्मं नाव आधीच ठरलेलं असलं की वेगळेपणाला उरतं काय? मधुमेहावरची लिनाग्लिप्टिन आणि सॅक्साग्लिप्टिन घ्या. दोन्हींच्या ५ मिलीग्रॅमच्या गोळ्या मिळतात, त्यामुळे डोसवरूनही अदलाबदल लक्षात येत नाही. मूत्रपिंड बिघडलेलं असेल तर लिनाग्लिप्टिन तितकंच चालतं, सॅक्साग्लिप्टिन २.५ वर आणावं लागतं. शेपट्या काढा आणि नावं मुद्दाम एकमेकांपासून लांबची ठेवा.

खलबत्ता:
साफ असहमत. शेपूट आहे म्हणूनच चुका पकडल्या जातात. यादीत रामिप्रिल असताना कुणी एनालाप्रिलही जोडलं तर ‘प्रिल’ दोनदा दिसतं, औषध नवीन असलं तरी. ब्रँडच्या नावावरून हे कळणं शक्य नाही.

आणि नावं काही डोळे मिटून दिली जात नाहीत. कंपनी रेणूची रचना आणि क्रिया कळवते, पसंतीच्या क्रमाने जास्तीत जास्त ६ नावं सुचवते. ती आधीच्या जेनेरिक नावांशी आणि ट्रेडमार्कशी ताडून पाहिली जातात, मग तज्ज्ञगट निवड करतो. नाव ‘प्रस्तावित’ म्हणून छापलं की आक्षेपांना ४ महिने, त्यानंतर ‘शिफारस केलेलं’. रोग किंवा अवयव सुचवणारं नाव टाळतात. स्पेलिंगही सोपं ठेवतात: पीएचऐवजी एफ, टीएचऐवजी टी.

मात्रा:
प्रक्रिया चोख आहे, मान्य. पण ओमेप्राझोल आम्लपित्तावर आणि ॲरिपिप्राझोल स्किझोफ्रेनियावर, हे कसं चालतं? नियमाने ‘प्राझोल’ आणि ‘पिप्राझोल’ ही दोन वेगळी अंत्यपदं. रात्रपाळीच्या नर्सने हा फरक पाठ करायचा का? नायस्टॅटिन तर बुरशीवरचं, कोलेस्टेरॉलशी संबंधच नाही.

पुडीवाला:
नायस्टॅटिन गैरलागू. कोलेस्टेरॉलच्या गटाचं अंत्यपद ‘व्हास्टॅटिन’ आहे, नुसतं ‘स्टॅटिन’ नव्हे. प्राझोलचा मुद्दा मात्र बिनतोड.

तरी माझ्या मते खरा घोळ नावाच्या शेपटीत नाही, नावाच्या डोक्यात, म्हणजे सुरुवातीत आहे. रक्तदाबाचं हायड्रॅलाझिन आणि खाजेवरचं हायड्रॉक्सिझिन: नजर पहिली चार-पाच अक्षरं वाचते आणि पुढचं स्वतःच भरते. संगणकावर सी-ई-एफ टाइप करा, सेफाझोलिनपासून सेफ्युरॉक्झिमपर्यंत प्रतिजैविकांची अख्खी फौज उभी राहते. नवजात बाळाला सेफोटॅक्झिम द्यायचं होतं आणि एक ओळ खाली क्लिक होऊन सेफ्ट्रिॲक्सोन गेलं, तर शिरेतून कॅल्शियम चालू असलेल्या बाळात साका धरून जिवावर बेतू शकतं. शोधखिडकीने निदान ५ अक्षरं तरी मागावीत. त्यातही सी-ई-एफ-ओ-टी टाकल्यावर सेफोटॅक्झिम आणि सेफोटेटन दोन्ही येतातच.

मात्रा:
मग आरोपी तोच ना? ‘सेफ’ हाही गटाचाच शिक्का, फक्त पुढे मारलेला.

खलबत्ता:
शिक्का बदलताही येतो. ‘मॅब’ची (प्रतिपिंडांपासून, म्हणजे अँटिबॉडींपासून बनवलेल्या औषधांच्या शेपटीची) गर्दी झाली तेव्हा आधी २०१७ मध्ये प्रतिपिंडाचा मूळ स्रोत दाखवणारी मधली अक्षरं गाळली, मग २०२१ मध्ये ‘मॅब’चेच चार भाग केले: टग, बार्ट, मिग, मेंट. जुनी नावं तशीच ठेवली, कारण चालू नाव बदललं की नवाच घोळ.

मात्रा:
आणि जुन्यांचं काय? कर्करोगावरच्या ट्रास्टुझुमॅबचा दर तीन आठवड्यांचा पुढचा डोस किलोला ६ मिलीग्रॅम, ट्रास्टुझुमॅब एमटॅन्सिन या वेगळ्या औषधाचा ३.६. दुसरा शब्द गळला की सगळंच चुकलं. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामकाने म्हणूनच एमटॅन्सिनच्या नावाच्या सुरुवातीला ‘ॲडो’ जोडलं. म्हणजे एकाच औषधाला दोन नावं!

पुडीवाला:
ती अडचण खरी आहे. तोवर एमटॅन्सिनच्या ऑर्डरवर ब्रँडचं नावही लिहायचं आणि किलोमागचा डोस वेगळा मांडायचा. ६ दिसला की फार्मसीने थांबवायचं.