‘निकोटिनचे व्यसन निम्मे जनुकांतच असते’ या विधानाविषयी

काजवा: ‘निकोटिनचे व्यसन निम्मे जनुकांतच असते, तेव्हा ज्याला सुटत नाही त्याने स्वतःला दोष देऊ नये,’ असे काल एका सदस्याने लिहिले आणि त्यावर सर्वांनी माना डोलावल्या, म्हणून हे लिहावे लागत आहे. जुळ्यांच्या अभ्यासांतून निघणारा सुमारे ५० टक्क्यांचा आकडा माणसामाणसांतील फरकांचे स्पष्टीकरण देतो. एकाच माणसाच्या व्यसनाची वाटणी करून अर्धा हिस्सा आजोबांच्या नावावर टाकण्याची सोय त्यात नाही.

साशंक: ते विधान माझेच. पंधराव्या गुणसूत्रावरील सीएचआरएनए५ या जनुकातील बदल २००८ पासून पुन्हा पुन्हा सापडत आला आहे. निकोटिन पेशीवर जिथे चिकटते त्या ग्राहीचीच घडण तो बदलतो. हे आपण वाचलेले दिसत नाही.

काजवा: वाचले आहे. त्या बदलाच्या प्रत्येक प्रतीमागे दिवसाला सरासरी एखादी सिगारेट वाढते. एवढ्यावर नशीब ठरवायचे?

उंबरठा: आपण दोघेही सिगारेटी मोजत आहात, आणि मला चीड आहे ती त्याचीच. माझे वडील दिवसाला आठच ओढत, कारण कामाच्या ठिकाणी बंदी होती. पण काडेपेटी उशाखाली असे. पहाटे दिवा लागण्याआधी काडी ओढल्याचा आवाज यायचा, मग खोकला, आणि नंतर आम्हाला हाक. डॉक्टरांनी ‘रोज किती?’ एवढेच विचारून कागदावर ‘सौम्य’ लिहिले. निकोटिनचे व्यसन किती घट्ट आहे हे मोजणाऱ्या, फागरस्ट्रोमच्या १९९१ च्या सहा प्रश्नांच्या चाचणीत दहापर्यंतच्या सिगारेटींना शून्य गुण आहेत, तर जाग आल्यापासून पाच मिनिटांच्या आत पेटवणाऱ्याला तीन.

साशंक: एका वडिलांवरून शास्त्र ठरत नाही.

उंबरठा: माझ्या वडिलांना ‘एक’ म्हणू नका. शास्त्रच हवे असेल तर घ्या: कोणी वरवर ओढतो, कोणी तीच सिगारेट बोटे भाजेपर्यंत खोल ओढतो, म्हणून रक्तातील कोटिनिन, म्हणजे शरीरात निकोटिनचे विघटन होऊन बनणारा पदार्थ, मोजतात. निकोटिन सुमारे दोन तासांत निम्मे होते, कोटिनिनला साधारण सोळा तास लागतात. आपल्या लाडक्या जनुकाचा संबंधही सिगारेटींच्या संख्येपेक्षा कोटिनिनशीच अधिक घट्ट दिसतो.

काजवा: यात भर अशी की निकोटिनचे विघटन करणारे, त्याच नावाच्या जनुकातून घडणारे सीवायपी२ए६ हे विकर ज्याच्या यकृतात मंद चालते, त्याच्या रक्तात निकोटिन रेंगाळते आणि तो कमी सिगारेटी ओढतो. लोक त्याला संयमी म्हणतात. संयम यकृताचा असतो.

साशंक: म्हणजे शेवटी जनुकच! माझ्या विधानाला आपणच पुरावा दिलात, त्याबद्दल आभार.

काजवा: दिला, हे नाइलाजाने मान्य करतो. पण निकोटिन किती वेगाने विघटित होते, हे कोणती औषधे द्यावीत यासाठी कामी येऊ शकते. दोष झटकण्यासाठी नव्हे.

साशंक: ‘निम्मे’ हा शब्द मीही मागे घेतो. आज सकाळी घड्याळ लावून पाहिले: चार मिनिटे. तीन गुण लिहून घ्या आणि यापुढे मला कोणी सौम्य म्हणू नये.