हलका प्लेट कॅरिअर अजिंक्यतारा चढायला कसा सेट करायचा?

गोडोलीचा_गडी
राम राम मंडळी. मी साताऱ्याचा, वय 23, वजन 62 किलो, पोलीस भरतीची तयारी चाललीय. रोज पहाटे अजिंक्यतारा चढतो. दम वाढावा म्हणून अंगावर वजन घेऊन चढायचं ठरवलं आणि ऑनलाइन एक रिकामा प्लेट कॅरिअर (छाती-पाठीवर प्लेटा बसवायचं जाकीट) मागवला, जाड नायलॉनचा, बाजूला वेल्क्रोचे पट्टे. त्यात जिममधल्या 5-5 किलोच्या गोल प्लेटा पुढं-मागं कोंबल्या आणि निघालो, तर वाटेतल्या चार भिंती स्मारकापर्यंत जाईस्तोवर खांदे सोलून निघाले, पळायला लागलं की पुढची प्लेट पोटावर आपटते आणि मान दोन दिवस आखडलेली. सोबत आलेले तीन पाऊच पण लावलेत, बाटली-मोबाईल ठेवायला. आत नक्की काय घालू, किती वजनाचं, आणि बसवायचं कुठं? माहिती असलेल्यांनी नीट सांगा, भरतीच्या आधी गुडघा घालवून बसायचं नाही मला.

निवृत्त_हवालदार
बाळा, पहिल्यांदा ते गोल वजन काढ. कॅरिअरची पिशवी साधारण 10 बाय 12 इंची प्लेटसाठी शिवलेली असते, त्यात गोल वजन फिरणारच. दुसरं, तू घालतोयस फार खाली. गळ्याखाली दोन हाडं मिळतात तिथं खळगी आहे बघ, तिथं बोट ठेव, पुढच्या प्लेटची वरची कड त्या खळगीपाशी आली पाहिजे. फौजेत पण असंच बसवतात कारण प्लेट हृदय आणि त्याच्या वरच्या मोठ्या रक्तवाहिन्या झाकायला असते, पोट मोकळं सोडलेलं असतं म्हणून माणूस वाकतो, बसतो, श्वास घेतो. मागची प्लेट पुढच्याच उंचीला. आधी खांद्याचे पट्टे लाव, मग छाती भरून श्वास घे आणि त्या अवस्थेत बाजूचे पट्टे आवळ. श्वास सोडून आवळलास तर चढावर जीव घाबरा होईल. घातल्यावर उकिडवा बसून बघ, खालची कड मांडीला टोचायला नको आणि वरची गळ्याला.
पाऊच तिन्ही काढ. पुढं लोंबणारी बाटली प्रत्येक पावलाला झोका देते.
आणि एक, सैन्याच्या कॅमोफ्लाजचा कॅरिअर घेऊ नका कुणी. 2022 ला आर्मीचा नवा पॅटर्न आलाय, त्याची नक्कल विकण्यावर कारवाया झाल्यात, आणि सैनिक भासावं म्हणून तसला पेहराव करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 168 खाली गुन्हा आहे. साधा काळा किंवा करडा, वर कसलाही बिल्ला नाही.

कुपवाडचा_फॅब्रिकेटर
मी सांगलीचा, कुपवाड एमआयडीसीत आमचं कटिंगचं काम आहे, दोन-तीन पोरांना प्लेटा कापून दिल्यात. साध्या एमएस (माइल्ड स्टील) पत्र्याचं गणित सोपं आहे, 25 बाय 30 सेंटिमीटरचा तुकडा 3 एमएम जाडीत पावणेदोन किलोच्या आसपास भरतो, 6 एमएमला साडेतीन. एकदम 6 चा घेऊ नको, 3 एमएमचे चार तुकडे काप. सुरुवातीला पुढं एक मागं एक म्हणजे साडेतीन किलो, नंतर जमलं की दुसरी जोडी सरकव. वरचे दोन कोपरे तिरके कापून घे नायतर हात हलवताना काखेत घासतात. कडा ग्राइंडरनं गोल कर, पावडर कोटिंग मार कारण घामानं आठवड्यात गंज धरतो आणि पावसाळ्यात तर विचारूच नको. प्लेट आणि पिशवी यांच्यात जुन्या योगा मॅटचा तुकडा गच्च बसव, हलणं तिथंच थांबतं.

कराडकर
विषयाला धरूनच विचारतो, या लोखंडानं गोळी अडेल का? आमच्यातला एक जण म्हणतो अडते.

निवृत्त_हवालदार
नाही. त्या भरवशावर कुणी राहू नका रे. संरक्षणाची प्लेट म्हणजे सिरॅमिक आणि त्यामागं पॉलिथिलीनचे थर, किंवा खास कडक केलेलं पोलाद, आणि चाचणी झालेली. आपल्याकडं त्याला बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) आयएस 17051 मानक आहे, 2018 चं. साधा पत्रा रायफलची गोळी अडवत नाही, आणि कडक पोलादानं अडवली तरी तिचे तुकडे उडून गळ्यात-जबड्यात घुसतात म्हणून त्यावर वेगळा थर लावतात. तुमची ही वजनं व्यायामापुरती, तसं त्यावर रंगानं लिहून ठेवा, उद्या दुसऱ्याच्या हातात गेली तर.

मिरज_फिजिओ
दादा, 62 किलोला 10 किलो फार झालं. परदेशात जो मर्फ नावाचा वर्कआउट करतात त्यात पुरुषांना 20 पौंडाचं वजनाचं जाकीट असतं, म्हणजे 9 किलो, आणि ते सरावलेल्या लोकांसाठी. तुम्ही साडेतीन किलोवर निदान तीन-चार आठवडे राहा, आठवड्यातून दोनच दिवस, आणि फक्त चढताना चालत. उतरताना पळू नका, उतारावर प्रत्येक पावलाला गुडघ्यावर भार वाढतो आणि अंगावर वजन असलं की अजून जास्त. जमलं तर वर पोचल्यावर प्लेटा काढून पाठीवरच्या सॅकमध्ये टाका आणि सावकाश उतरा. 1600 मीटरच्या स्पीडच्या दिवशी कॅरिअर घरीच ठेवा, वजनानं पाऊल जड पडायची सवय लागते. खांदे सोललेत ते बरे होईस्तोवर घालूच नका, घाम लागून चिघळेल. हाताला मुंग्या आल्या तर लगेच थांबायचं, पट्टा खांद्यात रुततोय.

गोडोलीचा_गडी
काका, ताई, दादा, सगळ्यांचे आभार. पाऊच काढले, खांदे सुकले तशा 3 एमएमच्या दोन प्लेटा कापून आणल्या, कड खळगीपाशी बसवली. आज चालत वरच्या दरवाजापर्यंत गेलो, अजिबात आपटलं नाही. डाव्या खांद्याचा पट्टा मात्र अजून मानेकडं सरकतो, त्यावर काय करता?

कुपवाडचा_फॅब्रिकेटर
दोन्ही पट्टे मोजून बघ, एक बोटभर लांब असणार. सारखे केलेस की वेल्क्रोवर मार्करनं खूण कर.