बाहेर दीड फूट बर्फ आणि मला चक्क मजा येतेय

सातारकर_बफेलोत:
अमेरिकेतल्या बफेलोतला हा माझा दुसरा डिसेंबर. पहिला नुसता घाबरण्यात गेला. यंदा काल रात्री जो सुरू झालाय तो थांबायचं नावच घेत नाही, पार्किंगमधली कुठली गाडी कुणाची कळत नाही, माझ्या गाडीचा फक्त आरसा दिसतोय, आणि मी खिडकीला नाक लावून तिसरा चहा पितोय. ऑफिसात सगळे बर्फाला शिव्या घालतात, बायको म्हणते उद्या फावडं तूच मारायचंस. पण पहाटे कचरा टाकायला गेलो तर इतकं शांत होतं की बुटांची करकर तेवढी ऐकू येत होती. रेडिओवाल्यांनी नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणापासून तीच ती ख्रिसमसची गाणी फिरवून वीट आणलाय. बर्फ बघत तुम्ही काय ऐकता? आणि तासाभरावर मित्राकडे कोरडं ठणठणीत, मग आमच्यावरच एवढी मेहेरबानी का?

तलावकाठची:
तुमच्या शेजारच्या एरी तलावाची कृपा रे. थंडगार वारा कोमट पाण्यावरून येताना वाफ उचलतो आणि काठाला लागला की ओततो, तेही अरुंद पट्ट्यात, म्हणून मित्र सुटला. तलाव गोठला की जोर ओसरतो. शांततेचं म्हणशील तर ताजा बर्फ भुसभुशीत असतो, आतल्या पोकळ्या आवाज पिऊन टाकतात, घट्ट झाला की संपलं, तेव्हा आजच ऐकून घे. मी तर दरवर्षी चायकॉव्हस्कीच्या नटक्रॅकरमधला हिमकणांचा वॉल्ट्झ लावते. १८९२ चा बॅले, त्यात मध्येच मुलांचा कोरस येतो, एक शब्द नाही, नुसतं आऽऽ. दिवे बंद करून ऐक!

उगाच_खवचट:
रेडिओवर ज्यांना ख्रिसमसची गाणी म्हणतात त्यातल्या निम्म्यांत ख्रिसमस शोधून दाखवा. जिंगल बेल्स १८५७ चं, त्यात घोडा, घसरगाडी, पोरीला घेऊन फेरफटका, नाताळचं नावही नाही. लेट इट स्नो तर १९४५ च्या जुलैत हॉलिवूडमध्ये उकाड्याने हैराण होऊन लिहिलेलं. फावडं न मारणाऱ्यालाच असं सुचणार ना 😄

वसईची_टोरोंटोत:
आमच्याकडे वसईत नाताळच्या गोठ्यावर कापूस पिंजून बर्फ करायचे, तो बाळ येशूच्या गवतात अडकायचा आणि आई ओरडायची. मध्यरात्रीच्या मिस्सेला साधा स्वेटर पुरायचा. इथे खरा बर्फ ढीगभर, तरी मी गोठ्यावर कापूसच लावते, आणि मराठी नाताळगीतं लावते, पेटी-तबल्यावरची. पहिल्या वर्षी रडू आलं होतं, आता शेजारचे गोरे पण ऐकायला येतात, करंज्यांसाठी असेल म्हणा.

तलावकाठची:
अजून एक, मजा घरात बसून हं. २०२२ च्या नाताळात तुमच्याच भागात चार फुटांवर बर्फ पडला, चाळीसहून जास्त माणसं गेली, काही तर गाडीत अडकून. ट्रॅव्हल बॅन लागला की दूध संपलं तरी निघायचं नाही. घर तापवणाऱ्या फर्नेसची नळी बाहेर जिथे निघते तिथला बर्फ आधी काढ, आणि फावडं दमानं मार, छातीवर ताण येतो.

सातारकर_बफेलोत:
नळी मोकळी करून आलो, गुडघाभर रुतलो. वॉल्ट्झ लावलाय, तो आऽऽ आला आणि बायको पण उठून खिडकीशी आली, फावड्याचा विषय निघाला नाही. वसईकर ताई, त्या नाताळगीतांची लिंक टाका ना. आणि हो, गाडीचा आरसा पण गेला आता.