बॅले स्पर्धा: पैसा बक्षिसांवर घालायचा की शिकवणीवर?

धरमपेठकर

विदर्भातल्या बॅले शिकणाऱ्या मुलामुलींसाठी येत्या हिवाळ्यात नागपुरात स्पर्धा घ्यावी, असं आम्हा काही पालकांचं आणि दोन-तीन क्लासचं चाललंय. हॉलचं भाडं, लाइट, साउंड हे सगळं जाऊन जे थोडंफार हातात उरेल ते कशावर घालायचं, यावरून परवाच्या बैठकीत बरंच वाजलं. एका गटाला रोख बक्षिसं आणि भलीमोठी ट्रॉफी हवी आहे. मी म्हणतो, सगळा पैसा शिकवणीवर घाला. बाहेरून दोन जाणते शिक्षक बोलवा. स्पर्धेआधी तीन दिवस सगळ्यांना रोज क्लास, प्रत्येकाला आपल्या व्हेरिएशनवर, म्हणजे स्पर्धेत एकट्याने करायच्या छोट्या नाचावर, शिक्षकासोबत एकट्याने वेळ, आणि ज्या स्टेजवर नाचायचं त्याच स्टेजवर तालीम.

ही कल्पना माझ्या डोक्यातून निघालेली नाही. स्वित्झर्लंडची प्री द लोझान स्पर्धा 1973 पासून चालू आहे, 15 ते 18 वर्षांच्या मुलांसाठी. तिथे आठवडाभर क्लास आणि कोचिंग चालतं, परीक्षक क्लासमध्ये बसून मुलांचं काम पाहतात आणि तेही निकालात धरतात. जिंकणाऱ्याला मोठ्या बॅले शाळेत किंवा नृत्यकंपनीत शिकायची शिष्यवृत्ती मिळते, म्हणजे बक्षीससुद्धा शिकवणीच. लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ डान्सच्या स्पर्धेतही फेऱ्यांच्या आधी काही दिवस नामवंत शिक्षक स्पर्धकांना घेऊन बसतात.

आपल्या मुलींना याची जास्त गरज आहे. मागे एका कार्यशाळेत एक मुलगी पाहिली. तिने व्हेरिएशन मोबाइलवर बघून बसवलेलं, पायांचा क्रम अगदी चोख. पण प्रत्येक उडीनंतर उतरताना टाच जमिनीला टेकतच नव्हती. बाहेरून आलेल्या बाईंनी संगीत बंद केलं आणि तिला नुसते प्लिए, म्हणजे गुडघे बाहेर वळवून वाकवणं, करायला लावले, मग लहान उड्या, मग पुन्हा प्लिए. थोड्या वेळाने उडीचा आवाजच बदलला. आधी धप्प यायचा, आता जेमतेम ऐकू येत होता. हे तिला कुठल्या ट्रॉफीने शिकवलं असतं?

लक्ष्मीनगरची नृत्यशिक्षिका

तुमची तळमळ समजते, तरी मला हे पटत नाही. स्पर्धेच्या तोंडावर शरीराला नवीन काही सांगायचं नसतं. जे अंगात मुरलंय तेच स्टेजवर टिकतं, बाकीचं लाइट लागले की गळून पडतं. नवा शिक्षक येतो, चार चुका काढतो, त्या बरोबरही असतात. पण मुलगी स्टेजवर जाते ती त्या चार चुका मोजतच, आणि नाच राहतो बाजूला.

त्यात पद्धतींचा घोळ वेगळाच. हात डोक्यावर गोल धरले की रशियन वागानोव्हा पद्धतीत ती तिसरी पोझिशन, आरएडीच्या (रॉयल अकॅडमी ऑफ डान्सच्या) पद्धतीत तीच पाचवी. बारा वर्षांच्या मुलीला ऐन वेळी दुसऱ्या पद्धतीचा शिक्षक मिळाला तर तिने कोणाचं ऐकायचं? आणि निकाल वाईट लागला तर पालक विचारायला माझ्याकडेच येणार. बल्गेरियातली वार्नाची बॅले स्पर्धा 1964 ला सुरू झाली, पहिल्याच वर्षी ग्रां प्री, म्हणजे सर्वोच्च बक्षीस, व्लादिमिर वासिलिएवला मिळालं. तो आधीच मॉस्कोच्या बोल्शॉय थिएटरचा नर्तक होता. तयारी घरून करूनच यायची असते.

फिजिओ, रामदासपेठ

माझा आक्षेप वेगळा आहे. आपल्याकडे बहुतेक क्लास काँक्रीटवर बसवलेल्या फरशीवर चालतात. बॅलेला खालून लवचीक लाकडी जमीन आणि वर विनाइल लागतं, म्हणजे उडीचा धक्का थोडा जमीन झेलते. फरशी काहीच झेलत नाही, सगळं नडगीवर आणि चवड्याच्या हाडांवर येतं. आता जी मुलगी आठवड्यातून दोनदा तासभर नाचते, तिला तुम्ही लागोपाठ तीन दिवस सकाळ-संध्याकाळ नाचवणार आणि चौथ्या दिवशी पॉइंट शूज (पायाच्या बोटांच्या टोकावर नाचायचे बूट) घालून स्पर्धेला उभी करणार. ताण असा एकदम वाढला की स्ट्रेस फ्रॅक्चरचा धोका वाढतो, आणि वाढीच्या वयात तर फारच जपावं लागतं. शिक्षक बोलवण्याआधी जमीन बघा. हॉलवाल्यांना विचारा, स्टेजवर विनाइल अंथरू देतात का.

महालातून

बक्षिसांच्या बाजूने बैठकीत मीच बोललो होतो, म्हणून इथेही लिहितो. नागपुरात मुलगी नववीत गेली की नाच बंद. आजी म्हणते आता अभ्यास कर, बाबा क्लासची फी ट्यूशनला वळवतात. तिच्या हातात कप असेल, पेपरात फोटो आला असेल, तर घरात तिची बाजू घ्यायला एक कारण मिळतं. तीन दिवस चांगलं शिकायला मिळालं, हे सांगून कुठलंही घर बधत नाही. देणगीदारही कपावर नाव घालायला पैसे देतो.

आपलं शहर जिंकणाऱ्याच्या मागे उभं राहतं. दिव्या देशमुख 2025 मध्ये बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकून आली तेव्हा बघितलंच आपण. ओजस देवतळे 2023 ला तिरंदाजीत जगज्जेता झाला, तेव्हाही तेच.

वर्धेकर बाबा

मी म्हणतो शिकवणीच असू द्या. रोख बक्षीस कोणाले भेटते? जिला रोजचा चांगला क्लास आधीच आहे तिलेच. आमच्या पोरीले उत्तेजनार्थ सर्टिफिकेट. पण तीन दिवस नागपुरात राहायचं म्हणजे लॉज, तिघांचं जेवण, माझी रजा. वर्ध्याहून रोज जाणंयेणं होते, यवतमाळ-गडचिरोलीवाल्यांनी काय करावं बाप्पा? राहायची सोय नाही केली, तर तुमच्या त्या क्लासमध्ये सगळ्या पोरी धरमपेठच्याच दिसतील. दिल्लीच्या ई-रिक्षावाल्याचा पोरगा कमल सिंग 2020 ला लंडनच्या इंग्लिश नॅशनल बॅले स्कूलमध्ये गेला, तेव्हा त्याची फी लोकांनी वर्गणी करून भरली. लोक देतात पैसे, कशासाठी पाहिजे ते नीट सांगावं लागते.

धरमपेठकर

महालातून, ओजस सरावासाठी सातारला गेला तो तिथल्या प्रशिक्षकासाठी. पदक नंतर आलं. नववीतल्या मुलीबद्दल तुम्ही म्हणता ते मात्र अगदी खरं आहे, माझ्या शेजारच्या घरात तेच झालं. तेव्हा कप ठेवू, साधा ठेवू. रोख रक्कम नको.

फिजिओंचं सगळं मान्य. सकाळी एक क्लास, दुपारी प्रत्येकीचं थोडा वेळ कोचिंग, तेही बरंचसं उड्या न मारता: हात, मान, संगीत, स्टेजवरच्या जागा. स्पर्धेच्या आदल्या दिवशी फक्त दांडा धरून करायचा हलका सराव आणि स्टेजची ओळख. जो शिकवेल तो गुण देणार नाही, हेही आत्ताच ठरवून टाकू, नाहीतर उद्या त्यावरून भांडणं होतील. राहण्याची सोय इथल्या पालकांच्या घरी होऊ शकते. माझ्याकडे दोन मुली आणि त्यांच्या आया आरामात राहतील.

लक्ष्मीनगरच्या बाईंशी मात्र माझा वाद कायम आहे. कमल सिंगचंच बघा. तो घडला काही वर्षं रोज मेहनत घेणाऱ्या शिक्षकाकडे, हे मान्य. पण तो शिक्षक मुळात त्याला भेटला म्हणून. आपल्या मुलींना अशी माणसं भेटणार कुठे? म्हणून माझा आग्रह आहे की या कोचिंगला मुलीच्या स्वतःच्या शिक्षिकेने शेजारी बसलंच पाहिजे. पाहुणे चार दिवसांत जातील, त्यांनी काय पाहिलं ते शिक्षिकेच्या वहीत राहील.

लक्ष्मीनगरची नृत्यशिक्षिका

मग सरळ शिक्षकांनाच शिकवा ना! मुलींचे व्हिडिओ महिनाभर आधी पाहुण्यांकडे पाठवा. त्यांनी सूचना मला द्याव्यात, मी माझ्या पद्धतीने, माझ्या वेळेने मुलीच्या अंगात बसवीन. स्पर्धेच्या आठवड्यात तिला कोणी काही बदलायला सांगू नये. स्पर्धा झाल्यावर हवे तेवढे क्लास ठेवा, तेव्हा मुलीचं डोकंही मोकळं असतं. तुम्ही म्हणता तशा आधीच्या क्लासला माझ्या मुली मी पाठवणार नाही, स्पर्धेला पाठवीन.

फिजिओ, रामदासपेठ

स्पर्धेनंतरच्या क्लासला माझा पूर्ण पाठिंबा. आणि व्हिडिओ मागवणार असाल तर मुलीचे पाय उतरताना घोट्यापासून स्पष्ट दिसतील असा कॅमेरा लावायला सांगा, मीही बघून देईन.

वर्धेकर बाबा

नंतर ठेवलं तर आम्ही थांबणार कसे? सोमवारी शाळा असते. आधी असो की नंतर, शनिवार-रविवार धरूनच ठेवा, आणि सहामाही परीक्षेच्या तारखा पाहून मंग हॉल बुक करा.