प्रतिसाद: जुन्या विहिरीचं वर्तुळ ऑटोकॅडमध्ये

भाऊ, रावेरकडच्या जुन्या बांधीव विहिरीचं वर्तुळ ऑटोकॅडमध्ये (संगणकावर नकाशे काढायचं सॉफ्टवेअर) केंद्र आणि त्रिज्या देऊन काढायचं असं वर सुचवलंय. नव्या टाकीला ते ठीक, पण विहिरीच्या केंद्रावर प्रिझम (मोजणी यंत्राचा किरण परतवणारा आरसा) धरायला जागाच नसते.

काठावरचे तीन बिंदू टोटल स्टेशनने (कोन आणि अंतर मोजणारं यंत्र) घ्या. ऑटोकॅडमध्ये सी (वर्तुळाची आज्ञा) टाइप करून एंटर, मग ३पी (तीन बिंदूंवरून), एंटर. नोड स्नॅप (कर्सर नेमका बिंदूवर पकडणारी सोय) चालू ठेवून तिन्ही बिंदूंवर क्लिक करा. केंद्र आपोआप मिळतं. बिंदू मात्र चहूबाजूंना पसरलेले हवेत. तिन्ही एकाच बाजूला जवळजवळ घेतले, तर मोजणीतली दोन-तीन सेंटीमीटरची चूक त्रिज्येत कितीतरी पट वाढते. चौथा बिंदू पडताळ्यासाठी घ्याच. तो वर्तुळावर बसला नाही तर मोजणी चुकली किंवा बांधकाम ढासळलंय. मग काठाचे जास्त बिंदू घेऊन पॉलिलाइनच (बिंदू जोडत जाणारी सलग रेघ) काढा, जबरदस्तीने गोल करू नका.

आणि कठड्याची आतली कड की बाहेरची, हे आधी ठरवा. कठडा ४५ सेंमी जाड असेल तर व्यासात ९० सेंमीचा फरक पडतो. शेजाऱ्याच्या बांधापासूनचं अंतर त्यावरच मोजलं जाणार आहे, म्हणून एवढं सांगतोय.

वर्तुळ कोनाकोनाचं दिसतं, तो दोष फक्त पडद्यावरचा. आरई (चित्र पडद्यावर नव्याने आखायची आज्ञा), एंटर केलं की जातो.