समुद्रात लोह सोडून कार्बन तळाशी जातो का, हे शोधायला सरकारी पैसा द्यावा का?

खारा वारा

२००९ साली गोव्यातल्या दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने आणि जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेने मिळून अंटार्क्टिकाभोवतीच्या दक्षिण महासागरात एक प्रयोग केला, लोहाफेक्स. पोलारस्टर्न हे जर्मन संशोधन जहाज जानेवारीत केपटाऊनहून निघालं. एका मोठ्या भोवऱ्यातल्या सुमारे ३०० चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात फेरस सल्फेटचं, म्हणजे लोहाच्या क्षाराचं, द्रावण सोडलं गेलं आणि पुढे पाच आठवड्यांहून जास्त काळ शास्त्रज्ञ त्या पाण्याच्या मागे राहिले. त्यांच्यातले निम्म्याहून अधिक भारतीय होते. नेतृत्व आपल्याकडून वाजिह नक्वी आणि तिकडून व्हिक्टर स्मेटाचेक यांचं.

ज्यांना पार्श्वभूमी माहीत नाही त्यांच्यासाठी: दक्षिण महासागरात नायट्रेट आणि फॉस्फेट भरपूर आहे, लोह मात्र जवळजवळ नाही, म्हणून सूक्ष्म शैवालाची वाढ अडते. लोह मिळालं तर शैवाल फोफावेल, कार्बन डायऑक्साइड शोषेल, मेल्यावर खोल जाईल आणि तो कार्बन शतकानुशतकं वर येणार नाही, असा तर्क अमेरिकन शास्त्रज्ञ जॉन मार्टिन यांनी ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मांडला होता.

लोहाफेक्समध्ये शैवाल वाढलं, पण कार्बन तळाकडे फारसा गेलाच नाही. त्या पाण्यातलं सिलिकेट आधीच संपत आलेलं होतं. सिलिकेटशिवाय डायटम या प्रकारचं शैवाल वाढत नाही, कारण त्यांचं कवचच सिलिकाचं असतं. वाढलं ते बारीक, मऊ शैवाल, आणि ते कोपेपॉड या बारीक कवचधारी प्राण्यांनी खाल्लं. त्या कोपेपॉडांना त्यांच्याहून मोठे कवचधारी प्राणी, अ‍ॅम्फिपॉड, खात होते. म्हणजे कार्बन वरच्या थरातच या पोटातून त्या पोटात फिरत राहिला. याच पोलारस्टर्नवरून २००४ मध्ये केलेल्या प्रयोगात सिलिकेट मुबलक होतं, डायटम वाढले, आणि त्या बहराचा निदान अर्धा भाग हजार मीटरच्या खाली गेला. ते निष्कर्ष २०१२ मध्ये ‘नेचर’मध्ये आले.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. अशा संशोधनाला सरकारने पैसा द्यायलाच हवा. लोह टाकलं की कार्बन बुडतो, असं सांगणाऱ्याला आज आपण ‘कुठल्या पाण्यात? सिलिकेट किती?’ असं विचारू शकतो, ते सार्वजनिक पैशातून कोणीतरी मोजलं म्हणून. २०१२ मध्येच कॅनडाच्या पश्चिमेला हायडा ग्वाई बेटांजवळ एका खासगी प्रकल्पाने सुमारे १०० टन लोहयुक्त पदार्थ समुद्रात सोडला. सॅमन मासे वाढतील आणि शोषलेल्या कार्बनच्या बदल्यात मिळणारी कार्बन क्रेडिट विकता येतील, ही आशा होती. किती कार्बन बुडाला, हे त्यातून ठरलं नाही. सरकारी संशोधन थांबलं तर मैदान अशांना मोकळं मिळेल.

निळी शाई

असहमत. हायडा ग्वाईच्या प्रकल्पामागचे रस जॉ‌र्ज हे त्याआधी प्लँक्टोस नावाची कंपनी चालवत होते. तिने २००७ मध्ये गॅलापागोसजवळ लोह टाकण्याची घोषणा केली होती. त्यांना ही कल्पना कुठून मिळाली? १९९३ पासून सरकारी निधीवर झालेल्या प्रयोगांतूनच. प्रयोगशाळेची प्रतिष्ठा विक्रेत्याच्या माहितीपत्रकात जाते, आणि ‘नाही’ हे उत्तर मात्र शोधनिबंधात पडून राहतं. तुम्ही म्हणता संशोधन थांबलं तर खासगी लोक घुसतील. मला दिसतं ते असं की संशोधन चालू असतानाच ते घुसले.

दुसरं म्हणजे, डझनभर प्रयोग झाले. शैवाल वाढतं हे जवळपास प्रत्येक वेळी दिसलं. कार्बन किती काळ खाली राहतो, हे काही आठवड्यांच्या मोहिमेत दिसणारच नाही. मग पुढचा प्रयोग काय नवीन सांगणार? शिवाय दक्षिण महासागरातलं नायट्रेट-फॉस्फेट तिथेच शैवालाने संपवलं तर त्या पाण्याबरोबर उत्तरेकडे, उष्ण कटिबंधाकडे येणारं पोषण घटेल. तिथल्या मासेमारीचं नुकसान कोण मोजणार आणि कोण भरून देणार?

अपूर्णांक

एक मुद्दा सुटतोय. माणसाने सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा साधारण चौथा हिस्सा समुद्र आपणहून घेतो, आणि त्याची किंमत मोजतो. पृष्ठभागाचा सामू (पीएच; तो घटला की आम्लता वाढते) औद्योगिक क्रांतीपूर्वीच्या ८.२ वरून ८.१ च्या आसपास आला आहे. आकडा छोटा वाटतो, पण ही मोजपट्टी लॉगरिथमची असल्याने हायड्रोजन आयनांचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी वाढलं, असा त्याचा अर्थ. वरचा कार्बन खाली नेला तर खाली तो कुजून पुन्हा कार्बन डायऑक्साइडच होतो. म्हणजे आम्लता खोल पाण्यात नेऊन ठेवली, आणि कुजताना तिथला ऑक्सिजनही खर्च केला. संशोधनाच्या मी विरोधात नाही. पण प्रस्तावात ‘किती कार्बन गेला’ एवढाच प्रश्न असेल तर तो प्रस्ताव नाकारावा.

मीठमुंबरी

देवगडकडची आहे, घरात होडी आहे. खारा वारा, तुमची कळकळ समजते, पण पैसा मर्यादित असतो आणि तो पहिल्यांदा अरबी समुद्राला मिळायला हवा.

पावसाळ्याच्या अखेरीस आपल्या किनाऱ्याजवळ खालचं पाणी वर चढतं, त्यात ऑक्सिजन फार कमी असतो. काही ठिकाणी तर तळाजवळ हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू सापडतो. असं पाणी किनाऱ्याला लागलं की मासळी जागा सोडते. उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्यात नॉक्टिलुका या सूक्ष्म जीवाचे हिरवे पट्टे पसरायला लागले आहेत. हे सगळं शैवाल, ऑक्सिजन आणि कार्बनचंच गणित आहे, फक्त आमच्या दारातलं. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था गोव्यात कांदोळीसमोर वर्षानुवर्षं ठरलेल्या जागी जाऊन पाणी तपासते. असं काम रत्नागिरीसमोर, देवगडसमोर, मालवणसमोर का नको? त्याला मोठं जहाज लागत नाही. दर महिन्याला न चुकता जाणारी माणसं लागतात, आणि त्यांच्या पगाराची दहा वर्षांची हमी. मोहिमेची बातमी होते, महिन्याच्या नमुन्याची होत नाही, म्हणून निधी मोहिमेला मिळतो. याचा मला मनापासून राग आहे.

खारा वारा

मीठमुंबरीताई, किनाऱ्यावरच्या नोंदींबद्दल तुम्ही म्हणता ते शंभर टक्के मान्य. पण या दोन कामांना एकमेकांसमोर उभं करू नका. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ऑक्सिजन संपलेल्या पाण्यातून नायट्रस ऑक्साइड मोठ्या प्रमाणात बाहेर पडतो, हे २००० साली ‘नेचर’मध्ये दाखवणाऱ्यांत नक्वीच पुढे होते. कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी पट उष्णता धरणारा हा वायू. शैवाल कुजून ऑक्सिजन संपला तर काय होतं, हे गोव्याच्या समोरच्या पाण्यात शिकलेला माणूस लोहाफेक्सवर होता, म्हणून अपूर्णांक विचारतात ते प्रश्न तिथे विचारले जाऊ शकतात. किनाऱ्यावरचं काम बंद करून तसा माणूस तयार होणार नाही, आणि त्याला खुल्या समुद्रात जाऊ दिलं नाही तर त्याचं ज्ञान किनाऱ्यापुरतंच राहील.

निळी शाई, ‘नवीन काय सांगणार’ याचं उत्तर तर लोहाफेक्सच आहे. त्याआधी मुख्य भर लोहावर होता. सिलिकेट आणि खाणारे प्राणी किती निर्णायक ठरतात, हे त्या मोहिमेने इतक्या ठळकपणे दाखवलं. काही आठवडे कमी पडतात हे खरं, म्हणून पुढचा प्रयोग जास्त काळ चालेल असाच आखला पाहिजे.

निळी शाई

मग लोहाफेक्सची दुसरी बाजूही सांगा. मे २००८ मध्ये बॉनला जैवविविधता कराराच्या बैठकीत देशांनी ठरवलं होतं की किनाऱ्याजवळचे छोटे वैज्ञानिक प्रयोग सोडून समुद्रात खत टाकणं थांबवावं. लोहाफेक्स खुल्या समुद्रात होता. जहाज निघाल्यावर वाद पेटला, जर्मनीच्या पर्यावरण मंत्रालयाने प्रयोग थांबवायला सांगितलं, तज्ज्ञांकडून परीक्षण करून घेतल्यावर संशोधन मंत्रालयाने जानेवारीच्या अखेरीस परवानगी दिली. शास्त्रज्ञ जहाजावर बसून निर्णयाची वाट पाहताहेत, हा क्रमच चुकीचा. समुद्र कोणा एका देशाच्या मालकीचा नाही, त्यामुळे आधी परीक्षण आणि मग जहाज, हेच हवं. समुद्रात कचरा टाकण्यावर बंधन घालणाऱ्या लंडन प्रोटोकॉल या आंतरराष्ट्रीय करारात २०१३ साली तशी दुरुस्ती मंजूर झाली, पण दशक उलटलं तरी पुरेशा देशांची मान्यता नसल्याने ती लागू झाली नाही. ती लागू होईपर्यंत एकही रुपया देऊ नये, हे माझं मत कायम आहे.

खारा वारा

आधी परीक्षण, मग जहाज, हे मान्य. दुरुस्ती लागू होईपर्यंत एकही रुपया नाही, हे अमान्य. परीक्षण आपल्या देशात, उघडपणे करायला त्या दुरुस्तीची वाट कशाला पाहायची? प्रस्ताव, अपेक्षित धोके आणि नंतरच्या सगळ्या नोंदी लोकांसमोर ठेवण्याची अट निधी देतानाच घालता येते.

मीठमुंबरी

त्या अटींत आणखी एक घाला. खुल्या समुद्रातल्या प्रत्येक मोहिमेबरोबर किनाऱ्यावरच्या एका ठिकाणची महिन्याची तपासणी दहा वर्षांसाठी मंजूर व्हावी, त्याच आदेशात. तसं होत असेल तर माझा विरोध नाही.