मदत हवी आहे: बॉयलर गळतो आहे, दुरुस्ती कशी करून घ्यावी?

नदीकाठ
नमस्कार. आमच्या घरातील बॉयलर गेल्या गुरुवारपासून गळतो आहे. खाली पातेले ठेवले आहे आणि ते रात्रभरात निम्मे भरते. काल एक तंत्रज्ञ बोलावला. त्याने दहा मिनिटे इकडेतिकडे पाहून, बॉयलर जुना झाला आहे, नवाच बसवावा लागेल, असे सांगितले आणि पाहणीचे पैसे घेऊन तो निघून गेला. असा बॉयलर दुरुस्त होतो की नाही आणि तोवर तो चालू ठेवावा की बंद करावा, एवढेच मला विचारायचे आहे. थंडी कडाक्याची आहे आणि घरात दीड वर्षांची मुलगी आहे, तेव्हा कृपया लवकर सांगावे. इंटरनेटवर शोधून झाले आहे, त्यामुळे तो सल्ला कोणी देऊ नये.

तांब्याचा_बंब
गीझर दुरुस्त होतो की नाही, हे पाणी कुठून येते त्यावर ठरते. सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब येत असतील तर तो बदलणे अर्ध्या तासाचे काम आहे. मात्र आतली टाकीच गळत असेल तर तिला डाग देत बसू नका, ती पुन्हा गळणारच. आमच्या वाघोलीच्या सोसायटीत बोअरचे आणि टँकरचे जड पाणी येते. टाकीतला मॅग्नेशियमचा रॉड त्या पाण्यात झिजून जातो आणि मग गंज थेट टाकीला लागतो. रॉड वेळेवर बदलला असता तर ही वेळ आली नसती.

मोजपट्टी
धागाकर्त्यांनी गीझर म्हटलेले नाही, बॉयलर म्हटले आहे. आपण कोणत्या देशात राहता? बॉयलर गॅसचा आहे की विजेचा? दाबाचा काटा थंड असताना किती दाखवतो आणि हीटिंग चालू असताना किती? गॅसचा असेल तर काल आलेला माणूस ते काम करण्यास अधिकृत होता का? घर आपल्या मालकीचे आहे का? एवढे कळल्याशिवाय दिलेला प्रत्येक सल्ला म्हणजे अंधारात मारलेला दगड ठरेल.

नदीकाठ
हे सारे उघड आहे असे मला वाटले होते. मिल्टन कीन्स, इंग्लंड. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचा गॅसचा कॉम्बी बॉयलर आहे, म्हणजे रेडिएटर आणि नळाचे पाणी दोन्ही तोच तापवतो. पाणी झाकणाच्या खालच्या कडेवरून टपकते, आत कुठून येते ते मला दिसत नाही. सकाळी काटा 0.5 च्या खाली असतो, मी खालच्या नळीची चावी फिरवून तो 1.5 वर आणतो, हीटिंग तापले की तो 3 च्या लाल पट्ट्यात जातो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. बाहेरच्या भिंतीतून तांब्याची एक बारीक नळी निघते, तिच्याखाली शेवाळे धरले आहे. याचा काही संबंध आहे का?

मोजपट्टी
संबंध आहेच, हेच पहिल्या संदेशात लिहिले असते तर बरे झाले असते. बॉयलर आणि रेडिएटर यांच्या बंद वर्तुळातले पाणी तापले की प्रसरण पावते आणि त्या वाढीव पाण्याला सामावून घेण्यासाठी बॉयलरमध्ये एक्स्पान्शन व्हेसल असते, ज्यात रबरी पडद्याच्या एका बाजूला हवा आणि दुसऱ्या बाजूला पाणी असते. पडदा फाटला किंवा हवा निघून गेली की पाण्याला जागा उरत नाही, दाब 3 बारवर (बार म्हणजे काट्यावरचे दाबाचे एकक) जातो आणि प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह उघडून पाणी त्या तांब्याच्या नळीतून बाहेर टाकतो. एकदा उघडलेल्या व्हॉल्व्हच्या बैठकीत कचरा अडकला की तो नीट बसत नाही, म्हणून काटा रात्रीतून खाली येतो. आतले थेंब बहुधा एखाद्या जोडाच्या वॉशरमधून येत असावेत, कारण रोज 3 बार सोसायचे म्हटल्यावर कमकुवत जोड आधी हार मानतो. काट्याची ही चाल पाहता नव्या बॉयलरची भाषा मला घाईची वाटते.

रोज ताजे पाणी भरणे मात्र थांबवा. त्या पाण्यातला प्राणवायू रेडिएटरचे पोलाद गंजवतो, त्यातून काळा गाळ तयार होतो आणि गंजरोधक द्रव पातळ होत जातो तो वेगळाच.

तांब्याचा_बंब
तर मग बाहेरच्या नळीला पितळी बूच मारून टाका, म्हणजे पाणीही जाणार नाही आणि दाबही टिकेल. दुरुस्तीवाला येईपर्यंत एवढे पुरे आहे.

उत्तरेचा_वारा
हे कृपया कोणीही करू नये. ती नळी वाढलेल्या दाबाची शेवटची वाट आहे. तीच बुजवली तर दाब कुठे जाणार, याचा विचार आपणच करावा. माझा सल्ला साधा आहे: बाजारात गळतीबंद द्रवाची बाटली मिळते, ती रेडिएटरमधून वर्तुळात सोडावी. आमच्या लीड्सच्या घरात बारीक गळती तिने दोन हिवाळे थोपवली होती.

मोजपट्टी
आपल्याकडची गळती जमिनीखालच्या पाईपातील असेल तर ती थोपली असेल. फाटलेला पडदा बाटलीने सांधला जात नाही, आणि तोच द्रव हीट एक्स्चेंजरच्या, म्हणजे ज्योतीची उष्णता पाण्याला देणाऱ्या भागाच्या, अरुंद वाटांत साचला तर आज जे काम दोन सुट्या भागांचे आहे ते उद्या खरोखरच नव्या बॉयलरचे होईल.

उत्तरेचा_वारा
मी अनुभव सांगितला, आपण पुस्तक वाचून दाखवत आहात.

हिवाळी_म्युनिक
जर्मनीत हीटिंग बंद पडले तर भाडेकरूला कायद्याने भाडे कमी करून देता येते. आम्ही दोन वर्षांपूर्वी तसे केले आणि घरमालकाने चौथ्या दिवशी माणूस पाठवला. आपणही तेच करावे.

मोजपट्टी
धागा इंग्लंडचा आहे आणि धागाकर्ते भाडेकरू आहेत असे त्यांनी अजून कुठेही म्हटलेले नाही.

नदीकाठ
घर भाड्याचेच आहे. बॉयलर कोणाचाही असला तरी गळणार तो गळणारच, म्हणून लिहिले नाही. घरमालकाच्या एजंटला शनिवारी फोन केला होता, तो म्हणाला की दोन आठवडे लागतील. म्हणूनच मी स्वतः 90 पौंड देऊन माणूस आणला. त्याचे ओळखपत्र पाहिले नाही.

मोजपट्टी
मग आतापर्यंतची निम्मी चर्चा व्यर्थ होती. 1985 च्या लँडलॉर्ड अँड टेनंट कायद्याच्या कलम 11 प्रमाणे सात वर्षांहून कमी मुदतीच्या भाडेकरारात घर तापवण्याची आणि पाणी तापवण्याची यंत्रणा दुरुस्त ठेवणे ही घरमालकाची जबाबदारी आहे. फोनचा पुरावा राहत नाही, म्हणून आजच ईमेल करा: गळती कोणत्या दिवशी सुरू झाली, काट्याचे आकडे, छायाचित्रे आणि घरात लहान मूल आहे ही बाब, सारे त्यात येऊ द्या. गॅसच्या उपकरणांची वार्षिक सुरक्षा तपासणी घरमालकावर बंधनकारक आहे; त्या नोंदीची प्रत मिळाली नसेल तर तीही मागा. आठवडाभरात हालचाल झाली नाही तर कौन्सिलच्या पर्यावरण आरोग्य विभागाकडे तक्रार करा. भाडे मात्र अडवू नका. जर्मनीचा नियम इथे चालत नाही आणि थकलेल्या भाड्यावरून घर खाली करण्याचा दावा लागू शकतो.

झाकण स्वतः उघडू नका. जो कोणी येईल तो गॅस सेफ रजिस्टरवर, म्हणजे गॅसचे काम करण्यास अधिकृत असलेल्यांच्या यादीत, नोंदलेला असला पाहिजे. त्याच्या ओळखपत्राच्या मागच्या बाजूला त्याला कोणती कामे करण्याची परवानगी आहे ते छापलेले असते, ते वाचा. आत विजेचे सर्किट आहे आणि पाणी टपकते आहे, म्हणून भिंतीवरच्या फ्यूजच्या स्विचने बॉयलर बंद ठेवा आणि तोवर विजेचा हीटर एजंटकडेच मागा. गॅसचा वास आला तर मात्र ईमेल लिहीत बसू नका, गॅसच्या आणीबाणीच्या 0800 111 999 या क्रमांकाला फोन करा.

तांब्याचा_बंब
बूच मारण्याचा सल्ला मी मागे घेतो. पण या व्हेसलमध्ये गीझरसारखा रॉड असतो का, हे कोणी सांगेल का?

नदीकाठ
नऊ दिवसांनी लिहितो आहे. ईमेल पाठवल्यावर तिसऱ्या दिवशी एजंटचा माणूस आला. या वेळी मी ओळखपत्र दोन्ही बाजूंनी वाचले. व्हेसलच्या हवेच्या टोकाची पिन दाबताच तिथून पाणी आले, म्हणजे पडदा फाटलेलाच होता. जुने व्हेसल बॉयलरच्या पाठीमागे असल्यामुळे संपूर्ण बॉयलर भिंतीवरून उतरवावा लागला असता, म्हणून त्याने परतीच्या पाईपवर वेगळे व्हेसल बसवले, रिलीफ व्हॉल्व्ह बदलला आणि पंपाजवळच्या जोडाचे वॉशर नवे टाकले. काटा आता थंड असताना 1.2 आणि तापल्यावर 1.7 दाखवतो. पातेले परत ओट्यावर गेले आहे.

माझे 90 पौंड द्यायला एजंट तयार नाही, कारण त्याला न विचारता मी माणूस बोलावला.

मोजपट्टी
त्या मुद्द्यावर एजंटची बाजू पक्की दिसते. आणि व्हेसलमध्ये रॉड नसतो.